आत किती, बाहेर किती

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर विचारलंस, "सर, मी चुकलो का?" आणि मी झोप आल्याचं सांगून फोन ठेवला. झोप कसली येतेय! उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

भंगाराच्या गोदामाला आग लागल्याची वर्दी. आत कुणी नाही असं मालकाने सांगितलेलं, छताचा पत्रा पेलणाऱ्या लोखंडी कैच्या वाकायला लागलेल्या, आणि तू पोरांना बाहेर घेतलंस. बरोबर केलंस, विषय संपला. पाचशे-सहाशे अंशांना लोखंडाची जवळजवळ निम्मी ताकद जाते हे तू नागपूरच्या अग्निशमन महाविद्यालयात शिकलास. तुझा तांडेल, जवानांचा म्होरक्या, नसेल शिकला, पण वाकलेली कैची त्यालाही दिसतच होती. तरी तो म्हणाला, "आमच्या वेळचे साहेब पुढे असायचे." तुझी झोप उडाली ती या वाक्याने.

ते पुढे असणारे साहेब म्हणजे मीच रे. तो माझ्याच हाताखाली तयार झालाय.

त्याने तुला सांगितली नसेल ती गोष्ट आता ऐक. रंगाच्या कारखान्याची आग, रात्रीची. केंद्रात बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायची सिलिंडरवाली उपकरणं, तीन, त्यातला धड चालणारा एक. मी ब्रँच, पाण्याच्या पाइपचं तोंड, हातात घेतली आणि आत घुसलो, मागे दोन जवान. काही मिनिटांत धूर इतका दाटला की स्वतःचा हात दिसेना. आम्ही मागे फिरलो. बाहेर येऊन मी गुडघ्यांवर हात ठेवून खोकत होतो, सगळे पाठीवर थाप मारत होते. पंपावरच्या ड्रायव्हरने विचारलं, "साहेब, तिसरा कुठाय?"

तिसरा जिन्याच्या कोपऱ्यात भिंत चाचपडत पडला होता. वाचला. पण फुप्फुसं गेली ती गेलीच; पुढची सगळी नोकरी त्याने कंट्रोल रूममध्ये वर्द्या लिहून काढली. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा काळवंडलेल्या तोंडाचा फोटो आला. प्रशस्तिपत्रही मिळालं. ते कुठल्याशा ट्रंकेत आहे.

म्हणून सांगतो, आत किती आणि बाहेर किती हे ज्याला क्षणाक्षणाला ठाऊक असतं, तो अधिकारी. बाकीचे सगळे फायरमन, खांद्यावर कितीही फीत असो. ब्रँच धरायला तुझ्याकडे माणसं आहेत. मोजायला तुझ्याशिवाय कुणी नाही. तू आत गेलास की मोजणारा आत गेला.

आता तू म्हणशील, तुम्ही स्वतः का नाही मोजलंत? वॉकीटॉकी एकच होता आणि तो गाडीत होता. टॅली बोर्ड, म्हणजे आत गेलेल्यांची नोंद ठेवायची पाटी, कपाटात कुलूपबंद, कारण हरवला तर पगारातून कापतील ही भीती. सहा जणांच्या जागी चार जण पाळीवर. आणि मागे उभा राहिलो असतो तर त्याच तांडेलाने मला भित्रा म्हटलं असतं. ही सगळी कारणं खरी आहेत. पंचवीसेक वर्षं ती मी स्वतःला ऐकवतो आहे.

14 एप्रिलला आपण ज्यांच्यासाठी उभे राहतो ते सहासष्ट जण आठव. 1944 ची मुंबई गोदीतली ती पेटलेली बोट, पोटात स्फोटकं आणि कापसाच्या गाठी. दुपारी दोनच्या सुमाराला वर्दी गेली आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. दोन तास पोरं पाणी मारत राहिली. बोट बुडवायची, गोदीबाहेर ओढायची की माणसं मागे घ्यायची, हे ठरवणारा एक माणूस त्या धक्क्यावर नव्हता. साहेब भरपूर होते. मुंबईतल्या काळबादेवीची 9 मे 2015 ची आग तर ताजीच आहे. त्या चौघांच्या धैर्याबद्दल बोलायची माझी लायकी नाही. पण एका इमारतीत दलप्रमुखासकट चार अधिकारी गमावले, हे मला अजून पचत नाही.

व्हिडिओ फिरला, 'अग्निशमन दल बघत उभं', तर फिरू दे. नगरसेवकाचा फोन आला तर 'आग सुरू आहे, नंतर बोलतो' म्हणायचं आणि ठेवायचा. यात विचारण्यासारखं काय आहे? रिक्त जागा, कंत्राटी पोरं, इमारतीतली आगरोधक यंत्रणा चालू असल्याचे जानेवारी-जुलैला नुसते कागदावर भरले जाणारे बी फॉर्म, विझल्यावर पुन्हा पेटणाऱ्या बॅटऱ्या, यांवर तू माझ्यापेक्षा चांगलं बोलतोस. बोल. पण पत्रकं नंतर. आधी तो टॅली बोर्ड कपाटातून काढ आणि कुलूप फेकून दे. नाव, सिलिंडरमधला दाब, आत गेल्याची वेळ. बोर्ड नसेल तर खडूने गाडीच्या दारावर लिही. कागदावर पाऊण तास चालणारा सिलिंडर धावपळ करणाऱ्याला अर्धा तासही पुरत नाही, आणि हवा संपत आल्याची शिट्टी वाजेपर्यंत थांबणाऱ्याला परतीची वाट धुरात शोधावी लागते. ते घड्याळ तुझ्या मनगटावर हवं.

तांडेलाशी भांडू नकोस. पुढच्या वर्दीला बोर्ड त्याच्याच हातात दे. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याला कुणी मोजायला सांगितलेलं नाही. मी तर नाहीच नाही.

बरं, तो व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. आग नाही बघितली, हेल्मेटं मोजली. फोनवर तू म्हणालास की गाडीवर सात जण होतात. पंपावरचा ड्रायव्हर धरूनही मला सहाच दिसले. सातवा त्या वेळी कुठे होता, तेवढं उलट टपाली कळव.

तुझा,
सर