तलावांचा अभ्यास करायचा, पण पदवी कोणती घ्यावी?

पत्र : माझी मुलगी 12वी विज्ञान शाखेत आहे. पवई तलावावर केलेल्या प्रकल्पानंतर तिला नद्या-तलावांचाच अभ्यास करायचा आहे. वर्सोव्याच्या मत्स्यशिक्षण संस्थेत तिला प्रवेश मिळेल का? पुढे पोटापाण्याचे काय? – एक पालक, भांडुप

उत्तर : सप्रेम नमस्कार.

वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था पदव्युत्तर आणि संशोधनाचे शिक्षण देते, त्यामुळे 12वीनंतर तेथे थेट प्रवेश नाही. शिवाय तेथील बहुतेक शाखांसाठी बी.एफ.एस्सी. ही चार वर्षांची मत्स्यविज्ञानाची पदवी लागते. ती रत्नागिरीजवळच्या शिरगावला, नागपूरला किंवा उदगीरला घेता येते, म्हणजे मुलीला घर सोडावे लागेल. मुंबईत राहून प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्रात बी.एस्सी. केल्यास परिस्थितिकी अथवा पर्यावरणविज्ञानाच्या एम.एस्सी.ची वाट मोकळी राहते, परंतु मत्स्यविज्ञानाची जवळजवळ बंद होते. मत्स्यपालन आणि माशांचे उत्पादन यांत रस असेल तर पहिला मार्ग योग्य. आपल्या पत्रावरून मात्र तिचे कुतूहल संपूर्ण तलावाविषयी दिसते, म्हणून मी दुसरा सुचवीन.

या विषयात रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र टाळून चालत नाही, हे तिला आताच सांगावे. सांडपाण्यातून आलेल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी आणि शेवाळ माजते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री श्वसनासाठी तोच वापरते, त्यामुळे विरघळलेला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो आणि मासे बहुधा तेव्हाच मरतात. दुपारी दोन वाजता नमुना घेणाऱ्याला तोच तलाव निरोगी वाटू शकतो. हा प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेतही करता येते : बाटलीत हवेचा बुडबुडा राहू न देता पाणी भरायचे, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालायचे, तपकिरी साका बसला की आम्लाने तो विरघळवायचा आणि स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेटचे थेंब सोडायचे. असे काम शांतपणे पुन्हा पुन्हा करणे तिला आवडते का, हे पाहावे. नुसत्या तळमळीपेक्षा ही परीक्षा मला अधिक भरवशाची वाटते.

पोटापाण्याविषयी स्पष्टच लिहितो. सुरुवातीचे पगार डॉक्टरकीच्या तुलनेत माफक असतात आणि संशोधनातील नेमणुका पुष्कळदा प्रकल्पापुरत्याच असतात. तरीही प्रदूषण नियंत्रण मंडळे, नागपूरची नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था), बराकपूरची केंद्रीय आंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्था, तसेच प्रकल्पांचे पर्यावरणीय परिणाम तपासणाऱ्या सल्लागार कंपन्या येथे अशा माणसांना काम मिळते. (सल्लागारांचे काही अहवाल केवळ परवानगीची सोय म्हणून लिहिले जातात, हेही तिने जाणून असावे.) मुंबईपुरते बोलायचे तर 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मिठी नदीचा प्रश्न सर्वांच्या नजरेत आला. पवई आणि विहार तलावांचे ओसंडणारे पाणीच या नदीत येते, त्यामुळे आपल्या मुलीचा प्रकल्प नदीपर्यंत वाढविण्यास भरपूर वाव आहे. सुट्टीत तिने एखाद्या महाविद्यालयातील प्राध्यापकांच्या देखरेखीखाली नमुने घेऊन पाहावेत, मात्र पाण्यात उतरू नये, कारण पवई तलावात मगरी आहेत.

तूर्त दोन्ही अभ्यासक्रमांचे अर्ज भरून ठेवावेत; प्रवेश परीक्षेच्या अटी बदलत असल्याने त्या यंदाच्या माहितीपुस्तिकेतच पाहाव्यात.