गाठ केवढी यापेक्षा ती कुठे आहे ते विचारा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३२, वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नाहीत, सोनोग्राफीत ४ सेंटिमीटरची फायब्रॉइडची (गर्भाशयात वाढणारी, कॅन्सरची नसलेली) गाठ निघाली. एक डॉक्टर म्हणतात काढून टाका, दुसरे म्हणतात हात लावू नका. दोघांत कोण बरोबर, हे त्या ४ आकड्यावरून ठरणार नाही. गाठ कुठे आहे त्यावर ठरेल.

मी हे स्वतः भोगलंय. मला दोन गाठी होत्या. एक बाहेरच्या बाजूला, ६ सेंटिमीटरची, घरातले सगळे तिलाच घाबरलेले. दुसरी जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरची, पण गर्भाशयाच्या आतल्या पोकळीत डोकावणारी. सगळा त्रास त्या धाकटीचा होता. पाळीत दर तासाला पॅड बदलायचे, रात्री चादरीखाली प्लॅस्टिक घालून झोपायचे, गुठळ्या पडायच्या. मला वाटायचं आपली पाळीच अशी. रात्री उठून फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावायची सवय लागली होती, तीही मी कोणाला सांगितली नव्हती. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ७.४ निघालं. बर्फाची ती ओढ लोह कमी झाल्याची खूण असते, हे मला तेव्हा कळलं.

तर जागेचं असं आहे. आतल्या पोकळीत शिरलेली गाठ (रिपोर्टमध्ये ‘सबम्युकोजल’ लिहितात) लहान असली तरी गर्भ रुजायला अडथळा करते, गर्भपाताचा धोका वाढवते आणि अंगावरून भरपूर जातं तेही बहुधा तिच्यामुळेच. बाहेरच्या बाजूची, म्हणजे ‘सबसेरोजल’, गाठ दिवस राहण्याच्या आड सहसा येत नाही. मोठी झाली तर लघवीला सारखं जावं लागतं, ओटीपोट जड वाटतं, बद्धकोष्ठ होतो. खरा वाद भिंतीतल्या ‘इन्ट्राम्युरल’ गाठीवर होतो. ती पोकळीला दाबत असेल तर काढण्याला अर्थ आहे. दाबत नसेल तर काढून फायदा होतोच असं सिद्ध झालेलं नाही. तुमच्या दोन डॉक्टरांचं जुळत नाही ते बहुधा इथेच. पोकळीचा आकार नीट दिसावा म्हणून आत सलाइन सोडून सोनोग्राफी करतात किंवा हिस्टेरोस्कोपीने दुर्बीण घालून बघतात. ते झाल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. आणि सगळा दोष गाठीवर ढकलायच्या आधी मिस्टरांची वीर्यतपासणी आणि तुमच्या नळ्यांची तपासणी झालीच पाहिजे.

माझी आतली गाठ हिस्टेरोस्कोपीने, पोटावर एकही टाका न घालता निघाली. त्याआधी एका ठिकाणी मला सरळ ‘पिशवी काढून टाका’ असं सांगितलं होतं. मूल हवंय म्हटल्यावरही. त्याचा राग अजून गेलेला नाही. मूल हवं असेल तर गाठच काढायची आणि गर्भाशय ठेवायचं, म्हणजे मायोमेक्टमी, हा पर्याय विचारायचा हक्क प्रत्येकीला आहे. मात्र भिंत खोलवर कापावी लागली तर पुढे काही महिने थांबावं लागतं आणि बाळंतपण बहुधा सिझेरियननेच करतात, हेही आधी विचारून ठेवा. गाठ आक्रसवणारी इंजेक्शनं ऑपरेशनच्या तयारीला चांगली, पण ती चालू असताना दिवस राहत नाहीत आणि थांबवली की गाठ पुन्हा वाढते. रक्तपुरवठा बंद करून गाठ सुकवायचा उपाय (एम्बोलायझेशन) मूल हवं असणाऱ्यांना सहसा सुचवत नाहीत.

बाहेरची ६ सेंटिमीटरची तशीच ठेवली आणि तिच्यासकट मला दिवस गेले. पाचव्या महिन्यात एका रात्री ओटीपोटात उजवीकडे असं दुखलं की मला वाटलं सगळं संपलं. गाठीला रक्त पुरेनासं झालं की ती आतून मरायला लागते, त्याची ती कळ होती. दोन दिवस दवाखान्यात राहिले, विश्रांती आणि वेदनाशामकावर ती उतरली. बाळ सुखरूप होतं. दुखणं असं उठलं तर घरी अंगावर काढू नका, कारण कळ गाठीची की दुसऱ्या कशाची हे डॉक्टरांनीच बघायचं असतं.

ताई, रिपोर्टमध्ये गाठीच्या आकड्याआधी किंवा नंतर तिची जागा लिहिलेली असेल, ती ओळ जशीच्या तशी कळवा. आणि हिमोग्लोबिन किती आहे? तुम्ही प्रश्नात पाळीबद्दल काहीच लिहिलेलं नाही.