रात्रीचा टँकर आणि कारखानदाराची जबाबदारी

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या ओढ्यात रात्री टँकर येऊन उग्र वासाचे रसायन सोडून जातात. एकदा चालक सापडला. परंतु कारखानदार म्हणतो, ‘माल फाटकाबाहेर गेल्यावर आमचा संबंध संपला.’ हे कायद्याला धरून आहे काय? (एक वाचक, रायगड जिल्हा)

उत्तर : मुळीच नाही. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार असा कचरा कारखान्याला सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा अधिक काळ साठवता येत नाही आणि तो तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथे आहे तशा अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच पाठवावा लागतो. प्रत्येक खेपेबरोबर सात रंगांच्या सात प्रतींचे मॅनिफेस्ट, म्हणजे मालाच्या वाहतुकीची नोंदपावती, असते. माल पोहोचल्यावर केंद्राने त्यातील हिरवी प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि निळी प्रत कारखान्याला पाठवायची असते. निळी प्रत परत आली नाही, तर माल कोठे गेला याची चौकशी कारखानदाराने स्वतःहून करायला हवी. नुकसान झाल्यास कारखानदार आणि केंद्रचालक या दोघांवरही नियमांनी जबाबदारी टाकली आहे. ‘हा घातक कचरा नव्हे, साधे सांडपाणी आहे’ असा बचाव केला, तरी १९७४ चा जल प्रदूषण कायदा आडवा येतोच.

खरी मेख अशी की, रात्रीच्या टँकरचे मॅनिफेस्ट बहुधा तयारच झालेले नसते. म्हणून माहितीच्या अधिकारात कारखान्याचे नमुना ४ मधील वार्षिक विवरणपत्र मागवावे आणि त्यातील कचऱ्याचे प्रमाण मंडळाने दिलेल्या अधिकारपत्राशी (परवान्याशी) ताडून पाहावे. हे नियम ज्याखाली येतात त्या पर्यावरण कायद्यातील थेट कारावासाची तरतूद १ एप्रिल २०२४ पासून जाऊन तेथे १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला आहे. विल्हेवाटीचा खर्च वाचवण्यासाठी हिशेब करूनच केलेल्या या गुन्ह्याला, आमच्या मते, एवढ्याने वचक बसणे कठीण आहे.

टँकर दिसताच ११२ वर कळवावे, दुरूनच क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे आणि मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. तपासणीसाठी रसायनाचा नमुना स्वतः गोळा करू नये. न्यायालयात मंडळाच्या अधिकाऱ्यांनी रीतसर घेतलेलाच नमुना टिकतो, शिवाय २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत सोडलेल्या रसायनाच्या नुसत्या वायूने शेकडो रहिवाशांना त्रास झाला होता. भरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो.