पडझडीआधी काम बघ

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचे दहा फोटो मिळाले. कॉलेजपासून सायकलच्या अंतरावर एक बंद सूतगिरणी, तिच्या मागून गेलेला गवतात बुडालेला रेल्वेमार्ग, पलीकडे खिडक्या फुटलेली तीन मजली इमारत. एवढं घबाड हाताशी असताना वर्गात मन लागत नाही, हे मला समजतं. या वेडातून बाहेर काढण्यासाठी मी लिहीत नाहीये. हे वेड तुझ्याजवळ पुष्कळ वर्षं राहावं आणि तूही धडधाकट राहावंस, म्हणून लिहितोय.

दहापैकी नऊ फोटो पडझडीचे आहेत. छपराच्या भोकातून आलेला उन्हाचा झोत, भिंतीतून उगवलेलं झाड, गंजाचे पोपडे. छान आलेत. पण असे फोटो कुठल्याही पडक्या इमारतीत निघतात. मी थबकलो तो दहाव्या फोटोपाशी. कोपऱ्यात एक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, खांब दिसतो. त्याच्या डोक्याजवळ एका अंगाला चपटा चौकोनी भाग पुढे आलाय आणि त्यात चार भोकं आहेत. त्याबद्दल तू अक्षरही लिहिलेलं नाहीस.

त्या चौकोनावर बोल्टनं ब्रॅकेट बसवलेला असायचा, आणि त्या ब्रॅकेटांच्या आधारानं हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक दांडा फिरायचा. त्याला लाइनशाफ्ट म्हणत. खाली पाणचक्की किंवा वाफेचं इंजिन एकच. त्याची ताकद दातेरी चाकांनी नाहीतर जाड दोरांनी मजल्यामजल्यावर चढायची, दांडा फिरवायची, आणि दांड्यावरच्या पुल्यांवरून चामड्याचे पट्टे खाली एकेका यंत्राकडे उतरायचे. आता पुढच्या खांबांकडे बघ. चौकोन त्याच अंगाला, त्याच उंचीवर सापडतील. त्या रेषेखाली नजर टाकलीस की जमिनीत यंत्रं रोवल्याच्या खुणा दिसतील. दोन खुणांमधलं अंतर मोजलंस तर तिथे कुठलं यंत्र असेल याचा अंदाजही बांधता येईल. रिकामा हॉल भरायला लागेल.

मला सांगायचं आहे ते हेच. आधी इथलं काम बघ, पडझड मग. ताकद कुठून यायची, माल कुठून कुठे जायचा, पाणी कुठून निघून जायचं, माणूस कुठे उभा राहायचा. हे कळलं की जागा वाचता येते. आणि जी जागा वाचता येते तिच्यातले धोके पाय ठेवण्याआधी दिसतात.

हे मी किंमत मोजून शिकलो. तुझ्याच वयाचा होतो. परवानगी नव्हती, सोबत एकच मित्र आणि एकच टॉर्च. वरच्या मजल्याची लाकडी जमीन यंत्राच्या तेलानं काळी, चकचकीत झालेली, दिसायला भक्कम. चार पावलं टाकली आणि उजवा पाय मांडीपर्यंत फळ्यांतून खाली गेला. खालच्या तुळईला गुडघा अडकला म्हणून वाचलो. मित्रानं बाहेर ओढून काढलं. नंतर वर बघितलं तर डोक्यावर दोन छपरांमधली पन्हळ होती. ती तुंबून वर्षानुवर्षं पाणी नेमकं त्याच पट्ट्यावर झिरपत होतं. फळी आतून भुसा झालेली, वरून मात्र तेलाच्या थरानं शाबूत. छपराचं पाणी कुठे जमतं हा प्रश्न मी दारातच विचारला असता, तर त्या पट्ट्यावर पाय ठेवलाच नसता.

जुनी लाकडी गिरणी ही तेल, कापसाची धूळ आणि दिव्याच्या ज्योती यांची मोळी असायची. आग लागली की तासाभरात सगळं जायचं. त्या भीतीतूनच इंग्लंडमध्ये श्रूजबरीजवळ डिथरिंग्टनला चार्ल्स बेज यानं 1797 साली खांब आणि तुळया दोन्ही लोखंडी असलेली जवसाच्या धाग्याची गिरणी उभी केली. लोखंडी सांगाड्याची ती जगातली पहिली इमारत. आजच्या गगनचुंबी इमारतींचं मूळ तिच्यात शोधतात. ती 1987 पासून पडून होती, दीर्घ डागडुजीनंतर 2022 मध्ये लोकांसाठी खुली झाली. हे मुद्दाम सांगतोय. तुझ्या गिरणीत लोखंडी तुळया आहेत की लाकडी, वर विटांच्या कमानी आहेत की फळ्या, ही नोंद वहीत पहिली हवी. तीच इतिहास सांगते आणि पाय कुठे ठेवायचा नाही तेही.

आता काही गोष्टी मी स्पष्ट मनाई म्हणून लिहितो. तळघर, टाकी, बॉयलर, पाणचक्कीचा खड्डा, जमिनीखालचे पाण्याचे पाट यांत उतरायचं नाही. बंद लोखंडी टाकीत गंज चढताना तो हवेतला ऑक्सिजन खातो. नेहमीच्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. 19.5 च्या खाली गेला की ती हवा धोकादायक धरतात, आणि फारच कमी झाला तर माणूस धाप न लागता सरळ कोसळतो. त्याला काढायला उतरणारा दुसराही तसाच जातो. कुजक्या अंड्यांचा वास येणाऱ्या वायूचं आणखी वाईट. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, आणि वास गेला म्हणजे धोका टळला असं वाटतं.

पाइपांवर पांढरट, तंतुमय, फाटक्या पट्टीसारखं आवरण दिसलं तर हात लावू नकोस, त्याखालून धूळ उडवत चालू नकोस. ते अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. त्यातून होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग बहुतेकदा 20 ते 50 वर्षांनी डोकं वर काढतो. म्हणजे आज काहीच जाणवणार नाही. साध्या कापडी मास्कनं ते तंतू अडत नाहीत. कबुतरांच्या विष्ठेचे ढीग असलेली खोली बाहेरूनच बघावी. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंस ते घरी विचार.

रेल्वेमार्गाबद्दल तू फारच थोडं लिहिलंस, आणि मला तर तोच जास्त आवडतो. रूळ उचलून नेले, त्यांच्याखालचे लाकडी स्लीपर चुलीत गेले, तरी मार्ग पुसला जात नाही. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे, म्हणून शंभर मीटरला एक-दोन मीटरपेक्षा जास्त चढ सहसा ठेवत नसत, वळणंही रुंद. उंचवटा आला की तो खोदायचा, खोलगट जागा आली की भराव टाकायचा. त्यामुळे शेतातून किंवा वस्तीतून जाताना अचानक जमीन सपाट आणि वाट संथ वळणाची झाली, तर इथून रूळ गेले होते असं समजावं. भरावाखालच्या दगडी मोऱ्या बघ. ओढा आटला तरी मोरी सांगते की इथे पाणी होतं. ब्रिटनमध्ये तिथल्या रेल्वेचा प्रमुख रिचर्ड बीचिंग याच्या 1963 च्या अहवालानंतर हजारो मैल मार्ग बंद झाले. आज त्यातल्या कितीतरींवर लोक सायकली चालवतात, आणि सायकल चालवताना न दमण्याचं कारण तोच जुना हलका चढ. पॅरिसभोवतीच्या पतीत सँत्यूर या वळसा-मार्गावर 1934 साली प्रवासी गाड्या थांबल्या. त्याचे काही तुकडे आता चालायला खुले आहेत.

फक्त एक: ‘बंद’ या शब्दावर रुळांच्या बाबतीत विश्वास ठेवू नकोस. रुळाचा माथा घासून चकाकत असेल तर गाडी जाते. गंजलेला असला तरी महिन्यातून एखादी मालगाडी जात असू शकते. वरची तार तर नेहमी जिवंतच समजायची. उच्च दाबाची वीज हात न लागताही झेप घेते. बोगद्यात आणि पुलावर बाजूला सरकायला जागा नसते, तिथे पाऊल टाकायचं नाही.

परवानगीचं तू विचारलंस. मोडक्या कुंपणाला धनी असतोच, आणि परवानगीवाचून आत शिरणं कितपत गुन्हा ठरतं ते जागेजागेच्या कायद्यावर आहे. मी तुला चोरवाट सांगणार नाही. मालकाच्या कार्यालयाला पत्र लिही. मी कोण, काय अभ्यासतो, किती जण येणार, किती वाजता बाहेर पडणार, काय नेणार नाही. विभागातल्या एखाद्या प्राध्यापकाची सही घे. नकार येतील. पण चार पत्रांत एक होकार आला तर दिवसाउजेडी, दार उघडून, खांब मोजत, टेपपट्टी घेऊन फिरता येतं. लपून शिरलेला माणूस कायम घाईत असतो, आणि घाईत काही दिसत नाही. तो पाय मांडीपर्यंत गेला तेव्हा आम्ही पहारेकऱ्याच्या भीतीनं भराभर चाललो होतो.

होकार येईपर्यंतचे आठवडे रिकामे जाऊ देऊ नकोस. जुने नकाशे काढ. अमेरिकेत सॅनबॉर्न कंपनी 1867 पासून आगविम्यासाठी शहरांचे नकाशे करत होती. त्यात विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी, आणि कुठल्या खोलीत काय चालतं तेही लिहिलेलं. आग कुठे लागेल हे विमावाल्यांना कळायला हवं होतं, म्हणून आज आपल्याला गिरणीची आतली मांडणी मिळते. तुझ्या गावचा असाच काही कागद ग्रंथालयात, नगरपालिकेत किंवा विम्याच्या दप्तरात असेल.

जर्मनीतल्या बेर्न्ट आणि हिला बेखर या जोडप्यानं 1959 पासून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, कोळशाच्या खाणींचे मनोरे यांचे फोटो काढले. ढगाळ उजेडात, समोरून, एकाच पद्धतीनं. झगमग नाही, धूसर गूढ नाही. एका प्रकारच्या नऊ-बारा टाक्या शेजारी मांडल्या की प्रत्येकीतला फरक दिसतो. त्यातल्या कितीतरी आज जमीनदोस्त झाल्यात आणि फोटो तेवढे उरलेत. तूही एक दिवस तसं करून बघ. गिरणीच्या सगळ्या खिडक्या, फक्त खिडक्या.

आतली कुठलीही वस्तू खिशात घालू नकोस, धागा गुंडाळायची बॉबिनसुद्धा. जागेवर असते तोवरच ती काही सांगते. आणि नेमका पत्ता सगळ्यांसमोर टाकू नकोस. तांब्याच्या तारा ओढून नेणारेही तो वाचतात.

शेवटचं, आणि यालाच सगळ्यात कमी वेळ उरलाय. तिथे काम केलेली माणसं शोध. ‘कसं होतं हो तेव्हा?’ असं विचारलंस तर ‘चांगलं होतं’ एवढंच मिळेल. त्यापेक्षा विचार, ‘तुम्ही उभे कुठे राहायचात?’ मागखात्यातली माणसं असतील तर त्यांच्या ओठांकडे लक्ष दे. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांत मागांच्या खडखडाटात विणकर ओठ मोठे हलवून, ओठ वाचून बोलत. मी ज्या आजींना हा प्रश्न विचारला त्या धागा गुंडाळण्याच्या खात्यात होत्या. त्यांनी उत्तर दिलं नाही. टेबलावर बोटानं दोन रेघा ओढल्या, मधल्या जागेत बोट टेकवलं, आणि मग डाव्या खांद्याकडे मान वळवून म्हणाल्या, ‘इथून वारा यायचा.’ त्या बाजूची खिडकी मी तीनदा पाहिली होती. चौथ्यांदा गेलो तेव्हा पहिल्यांदा तिच्यासमोर उभा राहिलो.