६०-७० च्या वेगात थरथर: गिअरबॉक्स उघडण्याआधी काय तपासायचं

तुम्ही लिहिलंय की सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारी) पेट्रोल ऑटोमॅटिक ६०-७० च्या वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर थरथरते, सौम्य चढावर झटके देते आणि पाय जोरात दाबला की थरथर थांबते. गॅरेजवाला गिअरबॉक्स उतरवायला सांगतोय. एवढ्यात होकार देऊ नका.

ही लक्षणं दोन ठिकाणांहून येऊ शकतात: कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) किंवा इंजिनचं मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं). टॉप गिअरमध्ये, कमी आरपीएमवर लॉक-अप बसलेला असतो, आणि नेमका त्याच वेळी इंजिनवर लोडही असतो. त्यामुळे दोन्हींत गल्लत होते.

मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागे गाडी नसताना हे करून पाहा. गिअरबॉक्स चांगला गरम झाल्यावर थरथर सुरू होईल तो वेग धरा. ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला फक्त स्पर्श करा, ब्रेक लाइट लागण्यापुरता. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा स्विच लागताच लॉक-अप सुटतो, आरपीएम थोडा वर जातो. थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय लॉक-अपवर. पण एवढ्यावर निकाल देऊ नका, कारण लॉक-अप सुटल्यावर इंजिनवरचा लोडही हलका होतो आणि किरकोळ मिसिंग दबून जातं.

म्हणून स्कॅनर लावाच. प्रत्येक सिलिंडरचा मिसफायर काउंट, म्हणजे मिसिंग किती वेळा झालं तो आकडा, बघा. थरथरीच्या वेळी एखाद्याच सिलिंडरचा आकडा वाढत असेल तर त्याची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) शेजारच्या सिलिंडरवर लावा. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर कॉइल गेली; तिथेच राहिलं तर प्लग, मग इंजेक्टर. काउंट शून्य असेल तर इंजिन आरपीएम आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा (कन्व्हर्टरकडून ताकद आत आणणाऱ्या दांड्याचा) आरपीएम शेजारी लावून बघा. लॉक-अपमध्ये या दोन आकड्यांत थोडी स्थिर तफावत (स्लिप) काही गिअरबॉक्स मुद्दाम ठेवतात. ती सतत वरखाली होत असेल तर क्लच पकडतोय-सुटतोय. स्कॅनरवर पी ०७४१ (लॉक-अपच्या बिघाडाचा) कोड आला नाही म्हणून लॉक-अप निर्दोष ठरत नाही. थरथर बऱ्याचदा कोडच्या आधी सुरू होते.

क्लच असा का वागतो? एटीएफमधले (गिअरबॉक्सच्या ऑइलमधले) घर्षण नियंत्रित ठेवणारे घटक उष्णतेने झिजतात. मग क्लच सरकत सरकत न बसता धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. सुरुवातीच्या टप्प्यात म्हणूनच ऑइल बदलून फरक पडतो.

गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट काढून एका वेळी सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. समजा एकूण ७ लिटर आहे आणि ३ निघालं, तर पहिल्या खेपेला निम्म्याहून जास्त जुनंच उरतं. मध्ये गाडी फिरवून तीन खेपा केल्या की जुनं साधारण १९ टक्क्यांवर येतं. एकदाच बदलून ‘फरक नाही’ म्हणणाऱ्यांचं इथेच चुकतं. ऑइल मॅन्युअलमधल्या स्पेसिफिकेशनचंच हवं, ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असलं नको. लेव्हल इंजिन चालू ठेवून, कंपनीने दिलेल्या तापमानालाच बघायची. गरम ऑइल फुगतं. जास्त गरम असताना लेव्हल लावली तर प्रत्यक्षात ऑइल कमी भरलं जातं आणि झटके वाढतात.

निघालेलं ऑइल पांढऱ्या कागदावर टाकून बघा. गिअरबॉक्सच्या आतल्या चुंबकावर बारीक करडा लगदा चालतो. चमकणारे कण, धातूची पापडी किंवा करपल्याचा वास असेल तर मात्र ऑइलवर आणखी पैसे घालू नका, आत झीज झालेली आहे.

तिसऱ्या खेपेनंतर काहीशे किलोमीटर चालवून वरचीच चाचणी पुन्हा करा. स्लिप तशीच हलत असेल, तर कन्व्हर्टर बदलायचा की लॉक-अपचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) व व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब वाटणारा भाग) तपासायची, एवढंच ठरवायचं उरतं. सोलेनॉइड आधी बघायला सांगा. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये तो गिअरबॉक्स गाडीतून न उतरवता तपासता येतो.

ड्युअल क्लच किंवा एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप चालवणारा मॅन्युअल गिअरबॉक्स) असलेल्यांनी यातलं काही लावू नये. तिथे सहसा टॉर्क कन्व्हर्टरच नसतो, आणि रांगताना येणारी थरथर बहुधा क्लच प्लेटची असते.