प्रमाणपत्र ताजं आहे, मग पुन्हा सराव कशाला?

प्रश्न : मॅडम, मी स्कूबा डायव्हिंगमध्ये डाइव्हमास्टर, म्हणजे प्रशिक्षकाचा मदतनीस, आहे आणि आता प्रशिक्षक होण्याच्या परीक्षेची तयारी करतो आहे. प्रथमोपचार आणि सीपीआरचं (थांबलेल्या हृदयासाठी छाती दाबणं आणि श्वास देणं) प्रमाणपत्र घेऊन दहा महिने झालेत. आमच्या संस्थेत ते २४ महिने चालतं. तरी आमचे सर दर महिन्याला बोटीवर सराव करून घेतात. पुतळ्याची छाती दाबणं मला चांगलं जमतं, मग हा अट्टहास कशासाठी? आणखी एक : डीकंप्रेशनचा त्रास (वर येताना दाब कमी होऊन शरीरात वायूचे बुडबुडे होणं) वाटला तर त्या डायव्हरला पुन्हा खाली नेऊन हळूहळू वर आणावं, असं एक जुना सहकारी सांगतो. ते बरोबर का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते एका शब्दाचं आहे : नाही. पाण्याखाली त्याची शुद्ध हरपली, त्याला आकडी आली, तर तुम्ही काय करणार? यावरचा उपचार रिकंप्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत, होतो. तिथे बहुधा १८ मीटर खोलीइतक्या दाबापासून सुरुवात करतात, शुद्ध ऑक्सिजन देतात आणि नेहमीचा उपचार जवळजवळ पाच तास चालतो. तुमच्या पाठीवर नुसती हवा असते, आणि ती किती मिनिटांची ते तुम्हालाच ठाऊक.

आता सराव. पुतळा कोरडा असतो, न हलणाऱ्या जमिनीवर असतो आणि त्याने वेटसूट घातलेला नसतो. वर्गात आपण आकडे घोटतो : मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांमागे २ श्वास. ते हवंच. पण बुडालेल्या माणसाचं हृदय बहुतेक वेळा प्राणवायू न मिळाल्यामुळे थांबतं, म्हणून त्याला आधी श्वास द्यायचे, मग दाब. रस्त्यावर कोसळलेल्या माणसासाठी शिकलेला क्रम हातात इतका बसतो की माझे कितीतरी विद्यार्थी सरावात थेट छातीवरच जातात.

माझीच फजिती सांगते. प्रशिक्षक होऊन मला चौथं वर्ष होतं. ३२ मीटरवरून वर आलेला एक डायव्हर म्हणाला, ‘खांदा दुखतोय, सिलिंडर उचलताना लचकला असेल.’ मला ते लगेच पटलं, कारण मला ते पटायला हवंच होतं. तासाभराने त्याच्या बोटांना मुंग्या आल्या. मग धावाधाव! ऑक्सिजनची पेटी पुढच्या कप्प्यात, तिच्यावर सगळ्यांच्या बॅगा. पेटी निघाली, तर सिलिंडर उघडायची चावी नाही. ती सापडेपर्यंत अकरा मिनिटं गेली. घड्याळ मी नाही, बोटवाल्याने पाहिलं होतं. चावी आदल्या आठवड्यात मीच पेटीतून काढून दुसऱ्या पिशवीत टाकली होती. तो डायव्हर पुढे बरा झाला. माझं प्रमाणपत्र तेव्हा ताजंच होतं.

तेव्हापासून ‘मला काही झालं नाही’ हे मी डीकंप्रेशनच्या त्रासाचं लक्षणच धरते. सांधेदुखी, मुंग्या, चक्कर, न उतरणारा थकवा, डाइव्हनंतर काही तासांत यातलं काहीही जाणवलं की आडवं झोपवायचं, ऑक्सिजन सुरू करायचा, डॉक्टरांना कळवायचं. ऑक्सिजनने बरं वाटलं म्हणून डॉक्टरांकडे जाणं टाळायचं नाही. रुग्ण नेमकं तेच करू पाहतो.

तुमच्या बोटीवरचं सिलिंडर किती वेळ पुरतं, माहीत आहे? २ लिटरचं, २०० बार दाबाला भरलेलं सिलिंडर म्हणजे साधारण ४०० लिटर वायू. मिनिटाला १५ लिटर सोडला तर २६ मिनिटांत खडखडाट. किनारा दीड तासावर असेल तर हा हिशेब बोट सुटण्याआधी करायचा. आणि हो, सनस्क्रीन चोपडलेल्या हातांनी त्या व्हॉल्व्हला शिवू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेलकट काही आलं की पेट घेऊ शकतं.

पुढच्या सरावात सरांना एक विनंती करा : रुग्ण कोण होणार, ते आधी कुणालाच सांगू नका. आणि जो होईल त्याला बजावा, शेवटपर्यंत ‘मी ठीक आहे’ असंच म्हणत राहा.