शेक लागू पडतील की नाही, हे आधी कळतं का?

गोव्यातल्या काणकोणहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: वडील 58 वर्षांचे, जिभेच्या बुडाशी कॅन्सर, 35 शेक (म्हणजे रेडिएशन, किरणोपचार) आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध ठरलंय. गाठ दाद देईल का हे सांगणारी तपासणी आहे का? आणि मधे चवथ (गणेश चतुर्थी) येतेय, चार दिवस घरी राहिलं तर चालेल का?

चवथीचं आधी सांगतो: नाही चालणार. साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या कॅन्सरपेशी दुप्पट जोमाने वाढायला लागतात. रोजचा शेक 2 ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप), त्यातला सुमारे 0.6 ग्रे त्या वाढीला आवरण्यातच जातो. चार दिवस खाडा झाला तर एका शेकाहून जास्त डोस पाण्यात. खाड्याच्या प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता सरासरी टक्का-दीड टक्का घटते, आणि राहिलेले शेक शेवटी जोडून ती पुरती भरून निघत नाही. मशीन बंद पडलं किंवा सरकारी सुट्टी आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, भरपाई कशी करणार? शनिवारी शेक देता येतो, किंवा एका दिवसात दोन, मधे किमान 6 तास ठेवून. काणकोणहून पणजी-बांबोळीकडे रोजची ये-जा सात आठवडे झेपत नाही, म्हणून जवळपास खोलीची सोय आत्ताच बघा. माझ्या मते कुठल्याही महागड्या तपासणीपेक्षा ही खोली जास्त कामाची.

आता तपासणीचं. रक्त काढून ‘लागू पडेल’ किंवा ‘नाही’ असं ठामपणे सांगणारी चाचणी रोजच्या वापरात नाही. पण जिभेच्या बुडाच्या गाठीत बायोप्सीच्या तुकड्यावर पी-16 नावाचं प्रथिन तपासतात, ते झालंय का बघा. पॉझिटिव्ह असेल तर ती एचपीव्ही विषाणूची गाठ असण्याची शक्यता मोठी, आणि अशा गाठी शेकाला बऱ्याच चांगल्या वितळतात. म्हणून उपचार हलके करा म्हणू नका. सिस्प्लॅटिनऐवजी सेटुक्सिमॅब हे दुसरं औषध देऊन बघितलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत निकाल उलट वाईट आला.

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची. ऑक्सिजन न पोचलेली पेशी मारायला अडीच ते तीनपट डोस लागतो. विडी-सिगारेटचा कार्बन मोनॉक्साइड नेमका तोच ऑक्सिजन अडवतो, त्यामुळे ‘दिवसाला एकच’सुद्धा नको. हिमोग्लोबिन कमी असेल तर कारण शोधून उपाय करा. पण एरिथ्रोपोएटिनची (रक्त वाढवणारी) इंजेक्शनं मागून घेऊ नका, 2003 साली छापलेल्या युरोपातल्या चाचणीत त्यांनी आजार जास्त बळावला. व्हिटॅमिन ईच्या मोठ्या डोसच्या गोळ्याही बंद.

सिस्प्लॅटिनआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि कानांची तपासणी हवी. मूत्रपिंड किंवा ऐकू येणं साथ देत नसेल तर ‘नुसते शेक’ हा एकच मार्ग उरत नाही: मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या 2023 मधल्या चाचणीत अशा रुग्णांना शेकांसोबत आठवड्याला डोसिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध दिलं, तेव्हा दोन वर्षं आजाराशिवाय राहिलेल्यांचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 42 वर गेलं. हे नाव डॉक्टरांपुढे जरूर काढा.

लोक सगळ्यात कमी लक्ष देतात ते वजनाकडे. शेक देताना चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट बसवतात, तो पहिल्या दिवसाच्या मापाचा असतो. गाल उतरले की डोकं आत हलतं, आणि किरण गाठीऐवजी लाळग्रंथीवर किंवा मज्जारज्जूकडे सरकू शकतात. मास्क सैल वाटला तर त्याच दिवशी टेक्निशियनला सांगा. नवीन सीटी काढून प्लॅन बदलता येतो. दर सोमवारी वजन लिहून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, तेव्हा उकड्या तांदळाची पेज तूप घालून, नाचणीचं तिझान, मऊ अंडं, बिनतिखट माशाची कढी. सोलकढी आणि आमसूल तेवढे दिवस बाजूला, आंबट झोंबतं. गुळण्यांना एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा, दर दोन-तीन तासांनी. तरीही घास जाईना तर नाकातल्या नळीला नको म्हणू नका, खाणं बंद होणं हेच खाडा पडण्याचं मोठं कारण असतं.

किडके दात काढायचे असतील तर ते शेकांच्या दोन-तीन आठवडे आधी. नंतर काढले तर जबड्याचं हाड सडण्याची भीती असते.

आणि शेवटचा शेक झाल्यावर लगेच पेट-सीटीची (गाठ उरली का ते दाखवणाऱ्या स्कॅनची) घाई नको. सूज असताना ते फसवं दाखवतं. 12 आठवड्यांनी काढा.